पेट्रोल वाचवायला अठरा लाखांची गाडी?

काकू, नमस्कार. आम्ही चौघं, मी, हे, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. तीन वर्षांपूर्वी लोकमान्य नगरचं सासरचं घर सोडून इकडे बिचोलीला बायपासजवळ फ्लॅट घेतला, कारण इथे स्वस्त पडला. ह्यांचं ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, एकेरी वीस किलोमीटर, रोज एकटेच कारने जातात. माझं ऑफिस पलासियाला, मी ॲक्टिवावर. कार २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, सिटीत चौदाचं ॲव्हरेज. महिन्याचं पेट्रोल बारा हजारांच्या घरात गेलंय आणि भाव हलला की आमच्याकडे भांडण. एसी बंद, उतारावर गाडी न्यूट्रल, मुलं घामाने चिंब. आता हे म्हणतात की जुनी गाडी चार लाखांत देऊ आणि अठरा लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊ, कटकटच संपली, रविवारी टेस्ट ड्राइव्ह पण ठरलीय. मेकॅनिक म्हणतो पासष्ट हजारांत सीएनजी किट लावा. सासूबाई म्हणतात नात सोळाची होतेय, तिला ॲक्टिवा द्या म्हणजे भंवरकुआला कोचिंगला सोडायची चक्कर वाचेल. मी म्हणलं आठवड्यातून थोडं बसने जाऊन बघू, तर हे हसले, आणि सासरे म्हणाले घरी कार असून बसने फिरलात तर लोक समजतील नोकरी गेली. काकू, मी कंजूस आहे का?
– बायपासवाली, इंदूर

अगं बायपासवाली,

आधी नातीचं उरकून टाकू कारण त्यात विचार करण्यासारखं काहीच नाहीये. सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी चालवू देतो, तीही लायसन्स काढून, आणि तुमची ॲक्टिवा त्याच्या दुप्पट आहे. अठराच्या आतल्या मुलीच्या हातात अशी गाडी सापडली की २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड, वर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोरीला पंचविशी होईपर्यंत लायसन्स नाही. भंवरकुआच्या संध्याकाळच्या गर्दीत मोठी माणसं जीव मुठीत धरून चालवतात ते वेगळंच. सासूबाईंना हे सगळं सांगायला तू जाऊ नकोस, त्यांच्या मुलाला सांगायला लाव. कोचिंगच्या चार-पाच मुलींनी मिळून एक व्हॅन किंवा ओळखीचा रिक्षावाला लावला की ती चक्कर तशीही वाचते.

आता एसयूव्ही. मला इलेक्ट्रिक गाडीबद्दल काही राग नाही, उलट शहरात रोज चाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाला ती पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, पण तुझ्या नवऱ्याने हिशोब अर्धाच केलाय आणि शोरूमवाला उरलेला अर्धा कशाला करून देईल. आपण करू. पेट्रोल इंदूरला १०६ च्या वर होतं तेव्हापासून मी हिशोबाला सरळ ११० धरते, दर वेळी आकडा बदलत बसायला नको. ह्यांचं ऑफिस रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ९६० किलोमीटर. रविवारची लोकमान्य नगरची चक्कर, बाजार, लग्नंकार्यं, सानंदची नाटकं मिळून अजून ४०० धरू. १३६० किलोमीटरला चौदाच्या ॲव्हरेजने ९७ लिटर, म्हणजे १० हजार ७०० रुपये. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला घरच्या विजेने दीड-दोन हजार लागतील. म्हणजे महिन्याला नऊ हजार वाचले, छान. पण जुनी गाडी चार लाखांत देऊन वरचे चौदा लाख कर्ज काढलं, नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी, तर ईएमआय येतो साडेबावीस हजार. नऊ हजार वाचवायला साडेबावीस हजार! म्हणजे दर महिन्याला साडेतेरा हजार खिशातून जास्तीचे, आणि अठरा लाखांच्या गाडीचा इन्शुरन्स चार लाखांच्या गाडीएवढा नसतो हे अजून धरलंच नाही. तुमची कार मोडकळीला आली असती, नवी घ्यायचीच असती, तर मी म्हणलं असतं की घेताना इलेक्ट्रिक बघा. पण चालती गाडी पेट्रोलच्या रागात विकून कर्ज काढायचं, याला बचत म्हणायचं नाही, त्याला गाडीची हौस म्हणायचं. हौस करायला हरकत नाही, पण मग घरात हौस म्हणूनच बोला म्हणजे तुला एसी तरी लावता येईल.

बरं त्या एसीबद्दल पण सांगते. एसीने ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं, पण मे महिन्यातल्या इंदूरमधे मुलांना भाजून किती वाचणार. आणि न्यूट्रलचं तर उलटंच आहे. २०१८ च्या गाडीत कार्ब्युरेटर नसतो, गिअरमधे असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जायचं जवळपास बंद होतं, आणि न्यूट्रल केलं की मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय गाडीवरचा ताबा कमी होतो. म्हणजे फ्लायओव्हरच्या उतारावर तुमचे हे पेट्रोल वाया घालवतायत आणि घरात सगळ्यांना बचतीचं लेक्चर देतायत. मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करावं, टायरमधे हवा बरोबर ठेवावी, बस.

ॲव्हरेज पडलंय अशी तक्रार असेल तर त्यात थोडं तथ्य आहे. २०२५ पासून पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं आहे की जुन्या धर्तीच्या चारचाकीचं ॲव्हरेज याने सहा-सात टक्के पडू शकतं. म्हणजे मीटरवरचा भाव न वाढता पण तुमचं पेट्रोल महाग झालेलं असतं, त्यामुळे हे मेकॅनिकशी भांडत असतील तर त्यांना म्हणावं सोडा त्या बिचाऱ्याला.

आणि भाव उतरेल म्हणून थांबायचं असं कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाका. भाव ठरवायचं काम २०१० पासून कंपन्यांकडे, १६ जून २०१७ पासून तर रोज पहाटे बदलणार असं ठरलं, पण निवडणुका आल्या की हाच रोजचा भाव महिनोन्महिने मौनव्रत धरतो, २०२२ च्या मे पासून २०२४ च्या मार्चपर्यंत जवळपास दोन वर्षं तो जागचा हलला नव्हता. २०२० मधे लॉकडाऊनला जगभर क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव पडला तेव्हा तरी स्वस्त व्हायला हवं होतं ना, तर मे मधे केंद्राने पेट्रोलवर दहा रुपये नि डिझेलवर तेरा रुपये एक्साइज वाढवून तो फायदा स्वतःकडे ठेवला. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत साध्या पेट्रोलने शंभरी गाठली ती राजस्थानात श्रीगंगानगरला आणि आपल्याच मध्य प्रदेशात अनूपपूरला. आपला व्हॅट देशात वरच्या नंबरात, २९ टक्के, त्यावर लिटरला अडीच रुपये, त्यावर एक टक्का सेस. म्हणूनच तर गुजरातेत दाहोदला पोचलं की इंदूरच्या एमपी ०९ नंबरच्या गाड्या टाकी फुल्ल करतात, तिथे लिटरमागे दहा-बारा रुपये कमी लागत आलेत. आता बिचोलीहून कुणी रोज दाहोदला जाऊ शकत नाही, पण मुद्दा कळला असेल. क्रूड आपण पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, त्यावर दोन सरकारं कर लावतात, यातलं काहीच तुझ्या नवऱ्याच्या हातात नाही, मग रोज सकाळी मोबाईलवर भाव बघून चिडायचं कशाला?

हातात आहे ते अंतर. आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू लिहिलंस की फ्लॅट स्वस्त पडला म्हणून घेतला. किती स्वस्त ते लिहिलं नाहीस, पण असं बघ. फक्त ह्यांच्या ऑफिसच्या ९६० किलोमीटरला महिन्याला साडेसात हजारांचं पेट्रोल जातं. तेवढाच हप्ता होम लोनला भरला असता तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साडेआठ लाखांच्या आसपास कर्ज मिळालं असतं. म्हणजे ऑफिसच्या जवळचं घर या फ्लॅटपेक्षा साडेआठ लाखांनी महाग असतं तरी बरोबरी झाली असती, आणि रोजचा जायचा-यायचा दीड-दोन तास वेळ मी यात धरलेलाच नाही. बायपासच्या दोन्ही बाजूंना गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्या कॉलन्या उठल्या त्यांच्या जाहिरातीत क्लब हाउस असतं, स्विमिंग पूल असतो, 'सिटीपासून फक्त वीस मिनिटं' असतं, पण बस कुठून सुटते ते नसतं, कारण बिल्डरने धरूनच ठेवलंय की येणारा कार घेऊन येईल. जमीन त्याला स्वस्त मिळाली, त्यातला थोडा हिस्सा त्याने तुम्हाला दिला, आणि उरलेलं तुम्ही हप्त्याहप्त्याने पेट्रोल पंपावर भरताय. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी शहर राजवाड्यापासून सायकलच्या टप्प्यात होतं, रामबागेतून निघून मिलला, शाळेला, भाजीला, नाटकाला सगळं पायी किंवा सायकलवर, लांब जायचं तर नगर सेवा नाहीतर टेम्पो. ती माणसं काही फार काटकसरी होती असं नाही, त्यांना जायचंच जवळ असायचं. म्हणून 'आम्ही नाही का सायकलवर फिरायचो' हे मुलाला ऐकवण्यात अर्थ नाही, बिचोलीहून सुपर कॉरिडॉरला सायकलने जाणारा माणूस ऑफिसात पोचून काम काय करणार.

मग लगेच लोकमान्य नगरला परत जायचं का? अंतर खूप कमी होईल, पण तुम्ही तिथून का निघालात ते तू पत्रात शिताफीने टाळलंयस, आणि बहुतेक तो प्रश्न पेट्रोलचा नसून स्वयंपाकघराचा असावा, त्यामुळे मी त्यात पडत नाही. फ्लॅट भाड्याने देऊन विजयनगरकडे किंवा एअरपोर्ट रोडकडे भाड्याने राहायचा विचार मात्र मुलाच्या शाळेचं बघून एकदा कागदावर करून बघा, करायलाच पाहिजे असं नाही.

घर बदलणं आत्ता होणार नसेल तर पुढचं. तुमच्या कारच्या पेट्रोलमधलं सत्तर टक्के एकट्या ऑफिसच्या चकरेत जातं, म्हणून घाव तिथेच घालायचा, रविवारच्या सराफ्यातल्या खाण्याच्या चकरेवर नाही. तुमच्या सोसायटीतून सुपर कॉरिडॉरला जाणारे हे एकटेच असतील यावर माझा विश्वास नाही, तिथे टीसीएस आणि इन्फोसिससारखी मोठमोठी कॅम्पस आहेत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाका. एक जोडीदार मिळाला आणि आठवडा-आठवडा पाळीने गाड्या काढल्या तर पावणेचार हजार वाचतात, दोघं मिळाले तर पाच. फक्त पैसे घेऊन अनोळखी माणसं बसवू नका, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीला भाडं घेता येत नाही आणि काही झालं की इन्शुरन्सवाला हात वर करतो. पाळीने गाडी काढायची, हिशोब संपला. आणि साहेबांना सांगून आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळत असेल तर ते आधी मागा, फुकटातली सगळ्यात मोठी बचत तीच आहे.

सीएनजीचं तुझा मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नाहीये. पेट्रोलवर तुमचा किलोमीटर पावणेआठ-आठ रुपयांना पडतो, सीएनजीवर साडेचारच्या आसपास पडावा, म्हणजे १३६० किलोमीटरला साडेचार हजार वाचले, पासष्ट हजार सव्वा वर्षात वसूल. पण गाडी पाळीने निघायला लागली की तुमचे किलोमीटरच कमी होतील आणि वसुलीला दोन वर्षं लागतील, म्हणून आधी जोडीदार शोधा, दोन महिने बघा, मग किटचं ठरवा. लावलंच तर मान्यताप्राप्त सेंटरवरच लावा, आरटीओत आरसीवर नोंद करा, इन्शुरन्स कंपनीला कळवा, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्टिंग असते ती चुकवू नका. डिकी जाईल, गणपतीला सामान कुठे ठेवायचं ते आत्ताच ठरवा. तुझी ॲक्टिवा बदलून इलेक्ट्रिक घ्यायची का, तर घाई नको, तुझं महिन्याचं पेट्रोलच अकराशे-बाराशेचं, नवी स्कूटर वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागतील. जुनी थकली की घे.

आता बस, ज्यावर हे हसले. खरं सांगू, त्यांच्या हसण्यात थोडा शहराचाही दोष आहे. २०१३ मधे एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठीची लेन, सुरू झालं, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटर, एसी आयबस स्वतःच्या लेनमधून जायची आणि बाजूला कारवाले सिग्नलला अडकून तिच्याकडे बघत बसायचे. त्या बघण्यातूनच तिच्यावर राग निघाला असं मला अजून वाटतं. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाच्या आदेशाने ती बसची लेन काढायला घेतली, बस आता सगळ्यांबरोबर जाममधे उभी राहणार, आणि लोकांना वाटलं रस्ता मोकळा झाला. अगं, एका बसमधली पन्नास माणसं पन्नास गाड्या घेऊन आली तर रस्ता मोकळा कसा होईल! मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनांची, सहा किलोमीटर, तिचं सगळं रिंग झालं की तुमच्याकडच्या माणसांनाही कामी येईल पण त्याच्या भरवशावर आजचा हिशोब करता येत नाही. आणि २२ सप्टेंबरला नो कार डे असतो, २०२३ मधे महापौरांनी सुरू केला, फोटो छान येतात, २३ तारखेला सगळे परत कारमधे. मी त्याला नावं ठेवत नाही, पण ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय या शहराने रोज दारात गाडी आणून लावली, वर्षातून एक दिवस साजरा करून नाही. बस पण दारात आली तर लोक बसतील.

म्हणून तू दोन कामं कर. एक, तुझ्या स्वतःच्या ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस बंगाली चौराह्यापर्यंत ई-रिक्षाने आणि पुढे सिटी बस नाहीतर मॅजिक व्हॅनने जाऊन बघ, पैसे फार वाचणार नाहीत पण किती वेळ लागतो, किती गर्दी असते, संध्याकाळी परत येताना सेफ वाटतं का हे तुला कळेल, आणि नवऱ्याला ऐकवायला ऐकीव नाही तर स्वतःचा अनुभव असेल. नाही जमलं तर बंद कर. दुसरं, आसपासच्या चार सोसायट्यांच्या सह्या घेऊन पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, आणि सिटी बस कंपनीकडे अर्ज द्या, 'बस हवी' एवढंच लिहू नका, सकाळी किती वाजता, कुठून कुठे, रोज किती जण बसतील हे लिहा. तुमच्याकडे आधी लिफ्टच्या एएमसीवरून आणि कुत्र्यांवरून एवढ्या मीटिंगा झाल्या असतील, एक या विषयावर होऊ दे.

सासऱ्यांचं काय करायचं ते तूच ठरव, पण त्यांची भीती खोटी नाहीये. आपल्याकडे लग्न जमवताना अजून विचारतात गाडी कोणती आहे म्हणून, आणि गाडी विकली की चार लोक हळू आवाजात चौकशी करतात. त्यांना सांग की गाडी विकत नाही आहोत, उलट नवीन कर्ज काढत नाही आहोत, ज्या माणसाने मिलच्या किंवा सरकारी पगारात घर बांधलंय त्याला 'कर्ज नाही' हा शब्द बरोबर कळतो आणि मग ते तुझ्या बाजूने बोलायला लागतील, बघ. तू कंजूस नाहीस गं. घरात हिशोब करणारं एकच माणूस असलं की ते सगळ्यांना कंजूस दिसतं.

ह्यांच्याशी पेट्रोल भरून आल्या आल्या बोलू नकोस. शनिवारी पोहे-जलेबी झाली की वरचे आकडे एका कागदावर लिहून समोर ठेव, साडेबावीस हजार आणि नऊ हजार शेजारी-शेजारी. टेस्ट ड्राइव्ह रद्द करायला लावू नकोस, माणूस आठवडाभर वाट बघतोय, तू पण सोबत जा, मागच्या सीटवर बस आणि सेल्समनला तीन गोष्टी विचार. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटरची, सोसायटीच्या पार्किंगमधे चार्जर बसवायची परवानगी आणि वायरिंगचा खर्च कुणाकडे, आणि सात वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा हीच गाडी तुम्ही कितीला परत घ्याल. तिसऱ्याचं उत्तर लेखी माग.

– काकू